वाइनेरांगी कोणाची

आवारुआ, रारोटोंगा
१२ मे

तेपाएरू आत्या,

किया ओराना. गुडघा कसा आहे हे या वेळी विचारत नाही. मागच्या खेपेला विचारलं तर तू दोन पानं गुडघ्यावरच लिहिलीस आणि माझ्या प्रश्नांना उत्तर द्यायला कागद उरला नाही.

तर कामाचं. आपल्या सहकारी संस्थेचा इथला सर्व्हर तुला माहीत आहे. गेल्या नाताळात तू त्याच्यावर केकचं ताट ठेवलं होतंस, तोच. आजवर त्याचा संसार एकट्याचा होता. आपलं आपण शिजवायचं, आपलं आपण जेवायचं, भांडीही आपणच घासायची. आता संस्थेने ठरवलं आहे की पाच बेटांवरच्या पाच दुकानांतले कॉम्प्युटर याच सर्व्हरने सांभाळायचे. त्यांच्या दुरुस्त्या, त्यांची कुलपं, आणि जहाजावर चढवायच्या मालाची मागणीसुद्धा यानेच रोज प्रत्येकाकडून गोळा करायची.

अडचण अशी की पाच बेटांच्या तऱ्हा वेगवेगळ्या. तुझ्या दुकानात विंडोज आहे, तेही म्हातारं. आइतुताकीला विंडोजच, पण कोरं करकरीत. मांगाइया आणि मितिआरोला लिनक्स. आणि माउकेला आकाइती आत्याकडे पाद्रीबाबांच्या मुलाने दिलेलं ॲपल. एकच निरोप मला तीन तऱ्हांनी लिहावा लागतो. ‘दार लावून घे’ म्हटलं की एकाला कळतं, दुसरा म्हणतो कुठलं दार, तिसरा म्हणतो आमच्याकडे दारं नसतातच.

तुझं काम अगदी थोडं. विमानाच्या टपालातून पेन ड्राइव्ह पाठवला आहे. तो लाव, विचारेल त्याला ‘पुढे’ म्हणत जा, आणि नाव विचारलं की ‘आतिऊ-१’ असं टाइप कर. सर्व्हर यंत्रांना नावानेच ओळखतो. नावाने हाक मारतो आणि जो ‘ओ’ देईल त्याला त्या नावाचं काम देतो.

आता एक गोष्ट चेष्टा न करता वाच. ऑगस्टच्या उत्सवात सगळ्या बेटांची माणसं इथे नाचायला येतील, तेव्हा संस्थेची सभा आहे. अध्यक्ष पापा मातायो यांनी सांगून ठेवलं आहे की सभेत भिंतीवरच्या पडद्यावर, जोडलेल्या प्रत्येक बेटाचा एक, असे पाच हिरवे दिवे दिसले पाहिजेत. नाही दिसले तर कारभार ऑकलंडच्या एका कंपनीकडे जाईल आणि मला इथे काम उरणार नाही. माझ्या मेहुण्याने, मेरेआनाच्या भावाने, तिकडे आमच्यासाठी घर बघून ठेवलं आहे. तेव्हा पेन ड्राइव्ह स्वयंपाकघरात ठेवू नकोस.

तुझा
नूरोआ

ता.क. तू ई-मेल का करत नाहीस?


आरेओरा, आतिऊ
२१ मे

चिरंजीव नूरोआ,

ई-मेल का करत नाही ते आधी सांगते. माझ्या कॉम्प्युटरची किल्ली तुझ्या हातात द्यायची आणि वर माझी पत्रंही त्याच्यातूनच पाठवायची? तुझी आत्या शाळेत मुलांना शिकवत होती, इतकी भोळी नाही.

‘आतिऊ-१’ हे नाव आहे की डुकराच्या कानाला मारलेला बिल्ला? तुझा जन्म झाला तेव्हा तुला ‘पोरगा-३’ म्हटलं असतं तर चाललं असतं का? तुझ्या नावासाठी तुझ्या आईकडचे आणि आमच्याकडचे लोक किती दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, ते तुझ्या आईला विचार. नाव ठेवायचा मान ज्याचं घर त्याचा. यंत्र आतिऊवर आहे, म्हणजे नाव आतिऊच ठेवणार. तू आवारुआत खुर्चीवर बसून आमच्या घरातल्याचं बारसं करायचं नाही.

विषय पुरुषांच्या पिण्याच्या बैठकीत, तुमुनूवरही निघाला. नारळाची वाटी फिरत होती तोवर झाडीत बसलेले सगळे पुरुष एका मताचे होते. वाटी फिरायची थांबली आणि प्रत्येकाला आपली पणजी आठवली. शेवटी नाव मीच ठरवलं. काय ठरवलं ते आत्ता सांगणार नाही. जेवण घातल्याशिवाय नाव सांगत नाहीत, हेही तू विसरलास. शनिवारी जेवण आहे. डुक्कर कापतोय.

ऑकलंडचं वाचलं. आमच्या रस्त्यावर आता माणसांपेक्षा कोंबड्या जास्त दिसतात. माझी मुलं तिकडून मला थंडीचे फोटो पाठवतात, टोप्या घातलेले. फोटो पाठवणारा आणखी एक मला नको आहे. सांगशील ते सगळं करते. फक्त नाव सोडून.

गुडघा तसाच आहे. एवढंच लिहिते.

आत्या


आवारुआ
३ जून

तेपाएरू आत्या,

हरलो. पाचही बेटांना कळवून टाकलं की आपापल्या यंत्राचं नाव आपापलं ठेवा. पापा मातायो म्हणाले, ‘हे तू पहिल्याच दिवशी करायला हवं होतंस. तुला शिकवलं कोणी?’ मी म्हटलं, तेपाएरू आत्याने. लगेच त्यांनी जहाजाचा विषय काढला.

शनिवारी संध्याकाळी तुमचं यंत्र सर्व्हरच्या दारात येऊन उभं राहिलं. नाव वाचलं आणि उभाच राहिलो. वाइनेरांगी. जिने एकटीने होडी हाकत आतिऊ, माउके आणि मितिआरो या तिन्ही बेटांना नात्यांनी बांधलं, ती आपली पूर्वज आता इथे भिंतीवर हिरव्या दिव्याशेजारी दिसते. नाव शोभून दिसतं. माउकेवाले वाइनेरांगी आपलीच म्हणतात हे ठाऊक आहे ना? आकाइती आत्याला एवढ्यात लिहू नकोस.

प्रत्येक यंत्राची स्वतःची किल्ली असते. यंत्र पहिल्यांदा आलं की सर्व्हर मला विचारतो, ‘हिची किल्ली अशी आहे, आत घेऊ का?’ मी हो म्हटलं.

चार दिवे लागले. फक्त माउकेचा राहिला आहे. आकाइती आत्याला पत्र टाकतोय.

नूरोआ


ओइरेतुमू, माउके
१२ जून

नूरोआ बाळा,

चष्म्याचा नंबर तपासून घे. ‘आत्या, तुमचं यंत्र अजून आलं नाही’ असं लिहितोस. आमचं यंत्र गेल्या रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळ्या गावाच्या देखत जोडलं. पाद्रीबाबांनी दोन शब्द सांगितले. ते ‘दोन’ किती लांबले हे इथल्या उपाशी पोरांना विचार. पडद्यावर ‘जोडले गेले’ असं आलं, तेव्हा बायकांनी गाणं म्हटलं. एवढं सगळं तुझ्या सर्व्हरला ऐकू आलं नाही?

नाव काय ठेवलं म्हणून विचारतोस. तू आमच्या ताईच्या यंत्राचं कौतुक करून लिहिलंस की ‘फार छान नाव दिलंय, तुम्हीही तसंच एखादं द्या.’ मला असं शिकवणी घेतल्यासारखं कोणी बोललं की मी उत्तर देत नाही. आमचं नाव ताईच्या नावापेक्षा काकणभर सरसच असणार. सर्व्हरला विचार, त्याला सांगितलं आहे.

मायरेच्या सुवासिक पानांच्या माळा विणायचं काम निघालंय, म्हणून आवरते. मेरेआनाला म्हणावं, घर बघणाऱ्या भावाला जरा आळशी व्हायला सांग.

आकाइती आत्या


आवारुआ
१८ जून

तेपाएरू आत्या,

तुझ्या वाइनेरांगीने मला रडकुंडीला आणलं आहे.

रोज एकदा तरी सर्व्हर मला विचारतो, ‘नाव तेच आहे, पण किल्ली निराळी आहे. हीच का ती?’ मी हो म्हणतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. याचा अर्थ एकच. तू यंत्र पुन्हा पुन्हा पुसून नव्याने बसवते आहेस, आणि दर वेळी त्याची किल्ली बदलते. काही अडलं की प्लग उपटायचा, ही तुझी जुनी रीत. टीव्हीचं काय झालं ते सगळ्या आतिऊला माहीत आहे.

शिवाय ती कामही ऐकत नाही. परवा विंडोजची साधी दुरुस्ती पाठवली, तर उलट उत्तर आलं की असलं काही आमच्याकडे नसतं. दुसऱ्या दिवशी तीच दुरुस्ती मुकाट्याने घेतली. आत्या, हे यंत्र तुझ्यावर गेलंय.

माउकेचा दिवा अजून लागत नाही. आकाइती आत्या माझ्या चष्म्याला दोष देते. सभा जवळ येते आहे आणि पापा मातायो आता माझ्याकडे बघताना आधी भिंतीकडे बघतात. हात जोडतो, प्लगला हात लावू नकोस.

नूरोआ


आरेओरा, आतिऊ
२७ जून

नूरोआ,

प्लगला मी हात लावलेला नाही. बायबलवर हात ठेवून सांगते, आणि बायबल प्लगच्या शेजारीच आहे. टीव्ही विजेमुळे गेला.

उलट तूच सांग, हा काय घोळ आहे. काल जहाज आलं. आम्ही कॉफीसाठी पोती मागितली होती. बी वाळून गोण्यांची वाट बघतंय. आणि नावेतून उतरलं काय, तर रंगाचे डबे. फिका गुलाबी. बरोबर पाद्रीबाबांच्या नावाची चिठ्ठी, ‘चर्चच्या आमच्या अर्ध्या बाजूसाठी’. सगळा धक्का हसत होता. एकच चर्च मधोमध वाटून दोन गावांनी दोन तऱ्हांनी रंगवायचं, असं जगात एकाच बेटावर होतं आणि तिथे आम्ही आमची धाकटी बहीण दिली.

डब्यांवर पत्ता मात्र आमचाच होता. ‘वाइनेरांगी, आतिऊ.’ आता आमची पोती माउकेच्या वाळूत पडली असतील. आकाइती त्यांच्यावर बसून माळा विणत असेल.

आत्या


आवारुआ
१ जुलै

तेपाएरू आत्या आणि आकाइती आत्या,

एकच पत्र दोघींना लिहितो आहे, म्हणजे कोणीही ‘मला आधी सांगितलं नाही’ म्हणायला नको.

रंगाच्या डब्यांचं वाचलं आणि डोक्यात उजेड पडला. भिंतीवर वाइनेरांगी एक दिसते, पण ‘ओ’ देणाऱ्या दोघी आहेत. आकाइती आत्या, तुम्हीही तेच नाव ठेवलंत. सर्व्हर हाक मारायचा आणि कधी आतिऊ उत्तर द्यायची, कधी माउके. दोघींच्या मागण्या एकाच नावावर गोळा व्हायच्या आणि ज्या दिवशी जी उत्तर देईल तिची मागणी वर राहायची, आणि एकीच्या मागणीवर दुसरीचा पत्ता लागून मालाची अदलाबदल व्हायची. विंडोजची दुरुस्ती ॲपलकडे गेली की ते बिचारं म्हणायचं, असलं काही आमच्याकडे नसतं. त्याचं बरोबर होतं. सर्व्हर रोज विचारत होता, ‘हीच का ती?’ आणि मी रोज हो म्हणत होतो. तुझ्या प्लगवर घेतलेला आळ मी परत घेतो, तेपाएरू आत्या.

आता उपाय. एकीने ‘वाइनेरांगी-१’ व्हावं आणि दुसरीने ‘वाइनेरांगी-२’. कोण १ आणि कोण २ हे तुम्ही ठरवा. मी त्यात पडत नाही.

खरं म्हणजे मी इथे बसल्या बसल्या, तुम्हाला न सांगता सर्व्हरमध्ये दोघींची नावं बदलू शकतो. परवा तेच करायला बसलो होतो. पण नाव तुमचं म्हणून शब्द देऊन बसलोय, आणि सभेत तुमच्या बेटांची माणसं भिंतीवर मी ठेवलेलं नाव वाचतील, तर दिवा हिरवा असला काय आणि नसला काय.

 काल मेरेआनाने विचारलं की ऑकलंडला जाड कपडे तिकडेच घ्यायचे की इथून न्यायचे.

वेळ थोडा आहे. लवकर ठरवा.

नूरोआ


आरेओरा, आतिऊ
७ जुलै

आकाइती,

पोराचं पत्र तुलाही मिळालं असेल. मी त्याला उत्तर लिहिलेलं नाही. आधी तुझ्याशी बोलते.

वाइनेरांगी आतिऊला जन्मली. तिची नाळ इथे पुरलेली आहे. तुला हे लहानपणी माहीत होतं. लग्न करून माउकेला गेलीस तेव्हा होडीत कुठेतरी सांडलं असावं. ‘२’ आम्ही होणार नाही. आमच्या पुरुषांना मी ते सांगायलाही गेले नाही. सांगितलं असतं तर तुमुनूवर पुढच्या ईस्टरपर्यंत दुसरा विषय निघाला नसता.

तुम्हीही होणार नाही हे मला ठाऊक आहे. तू केळ्यांच्या फणीतलं शेवटचं केळंसुद्धा मला कधी दिलं नाहीस.

पण पोरगा जाईल, आकाइती. आपल्या दादाच्या घरातला इथे उरलेला तो एकच आहे. मला रात्रंदिवस तेवढंच दिसतं. तू काही सुचव. मला सुचत नाही, आणि हे मी लिहून देते आहे ते सांभाळून ठेव, पुन्हा मिळायचं नाही.

तुमची पोती नाहीत ती. आमची आहेत. पाठव.

तेपाएरू


ओइरेतुमू, माउके
१६ जुलै

ताई,

वाइनेरांगी जन्मली तुमच्याकडे, पण राहिली आमच्याकडे आणि मेली आमच्याकडे. तिची कबर आमच्या दुकानामागे आहे. जन्म काय, कुणीही कुठेही घेतं. माणूस राहायचं कुठे ठरवतं ते महत्त्वाचं. आणि केळं तू आधीच खाल्लेलं होतंस.

आता ऐक. आपल्यात दिलेलं नाव कोणी काढून घेत नाही. पण आपण होऊन दुसऱ्याला देता येतं, त्याने मान जात नाही, वाढतो. मी परवा सगळ्यांना बोलावून विचारलं, या पाचांना रोज हाक मारणारा तो मोठा सर्व्हर, त्याचं नाव काय? कोणाला सांगता येईना. मग नूरोआला फोन केला. म्हणाला, ‘त्याला नाव कशाला, आत्या, तो एकटाच होता.’ बघ म्हणजे. एकटा होता तोवर नाव लागलं नाही. आता घर वाढलं, आणि घरातल्या थोरल्यालाच नाव नाही.

तेव्हा माउकेने वाइनेरांगी हे नाव त्या सर्व्हरला दिलं. तिन्ही बेटांना बांधणारी ती, तिने आता पाच बांधावीत. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. ते काम तुझ्याकडून राहिलं आहे, तेवढं कर. दोन्ही बेटांनी दिल्याशिवाय देणं पुरं होत नाही.

आमच्या यंत्राला मग नवं नाव हवं होतं. ते ठेवलं ‘तेपाएरू’. तू नाही म्हणशील म्हणून आधी विचारलं नाही. आता जेवण होऊन गेलं आहे, त्यामुळे तुला काही बोलता येणार नाही. सकाळी सुरू व्हायला वेळ लावतं, सुरू झालं की थांबत नाही. आम्हा सगळ्यांना नाव पटलं.

पोती पुढच्या जहाजाने. दोन ठेवून घेतली आहेत, बसायला बरी आहेत.

आकाइती


आरेओरा, आतिऊ
२४ जुलै

नूरोआ,

लिहून घे आणि तसंच कर.

वाइनेरांगी हे नाव आतिऊनेही तुझ्या सर्व्हरला दिलं. काल जेवण झालं. या वर्षात एका कॉम्प्युटरपायी आम्ही दुसरं डुक्कर कापलं आहे, हे तुझ्या पापा मातायोंना सांग. पुरुषांना पटवायला मी स्वतः झाडीत गेले. तिथे बायका जात नाहीत, पण वाटी वाटणाऱ्याला मी दुसरीत पाढे शिकवले आहेत. त्याने बसायला ओंडका दिला.

आमच्या यंत्राचं नाव आता ‘आकाइती’. तिने माझं ठेवलं, मग मी काय करणार? कोणी मानाने नाव दिलं तर त्याला मोकळ्या हाताने परत पाठवत नाहीत. तिला कळवू नकोस, भिंतीवर वाचू दे. नाही तर असं कर, तूच कळव. तिचा चेहरा कसा झाला ते मला इथून दिसणार नाही म्हणून वाईट वाटतं.

उत्सवाला मी येत नाही. गुडघा विमानाची शिडी चढायला तयार नाही. आकाइती तेव्हा माझ्याकडे येऊन राहते म्हणाली. इतक्या वर्षांनी. बहुतेक केळ्याचा हिशेब करायला येते आहे. सभेचं काय झालं ते दोघींना इथेच लिही.

तुझ्याकडून अजून काही बाकी असेल तर सांग. नाव सोडून काहीही.

आत्या


आवारुआ
९ ऑगस्ट

दोन्ही आत्यांना,

हे पत्र दोघी मिळून वाचत असाल, म्हणून आधीच सांगतो, चष्मा एकीनेच लावा आणि मोठ्याने वाचा.

तुम्ही नावं वाटून मोकळ्या झालात. इथे मात्र नवीच गंमत झाली. थोरल्याचं, म्हणजे सर्व्हरचं, नाव बदललं की धाकटी पाचही यंत्रं जुन्याच नावाने त्याला शोधत बसतात. सगळ्यांचे दिवे एकदम गेले. मेरेआना चहा घेऊन आली तेव्हा मी काळ्या भिंतीकडे बघत होतो. ती म्हणाली, ‘तुझ्या आजोबांना तीन नावं होती आणि ते तिन्हींना ओ द्यायचे. याला दोन झेपत नाहीत?’ झेपली. आता जुन्या नावाने हाक मारली तरी तो वळतो, नव्याने मारली तरी वळतो. एकेक बेट परत आलं. मितिआरो सगळ्यात शेवटी, नेहमीप्रमाणे.

सभेला सभागृह भरलं होतं. नाचाच्या कपड्यांतली मंडळीसुद्धा मागे उभी होती, पानांचा वास सुटला होता. सगळ्यात वर वाइनेरांगी, आणि तिच्याखाली पाच. ते नाव दिसलं तशी आतिऊची आणि माउकेची माणसं एकदमच उठून उभी राहिली, आणि एकमेकांना बघून कोणालाच आधी बसवेना. पापा मातायो म्हणाले, ‘बसा, बाकीच्यांना दिसत नाही.’ मग त्यांनी एकेक दिवा मोठ्याने वाचला. ‘माउकेची तेपाएरू, हिरवी. आतिऊची आकाइती, हिरवी.’ हसण्यात पुढची तीन नावं कोणाला ऐकू आली नाहीत. त्यांनी ती परत वाचली. तीही हिरवीच होती.

ऑकलंडच्या कंपनीचा विषय यादीत होता. पापा मातायोंनी चष्मा काढला आणि म्हणाले, हा विषय आता कोणाला बोलायचा आहे का? मांगाइयाच्या एका गृहस्थांनी हात वर केला. त्यांना फक्त विचारायचं होतं की जेवण कधी आहे. विषय तिथे संपला. कारभार इथेच राहतो, आणि मीही.

मेरेआनाने दारातूनच भावाला फोन लावला. घर दुसऱ्या कोणाला दे म्हणाली. तो तिकडून विचारत होता की नूरोआची नोकरी पक्की झाली का, कायमची झाली का, कागद मिळाला का. ती म्हणाली, ‘कागदाचं मला माहीत नाही. पण त्याला आता कोणी जाऊ देणार नाही. त्याला वाटतं तो पाच बेटांवर लक्ष ठेवतो.’ मग फोन ठेवून तिने माझा हात धरला, आणि आतिऊचा नाच सुरू व्हायच्या आत आम्ही पुढची जागा पकडली.

तुमचा
नूरोआ